विश्लेषण : टू-स्ट्रोक दुचाकीत तेल किती मिसळावे? ई२० पेट्रोलमुळे जुने गणित का बिघडले?

‘गाडीत चाळीस टाकायचे,’ असे गॅरेजवाल्याने सांगितले, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? लिटरला ४० मिलिलिटर तेल, की ४० भाग पेट्रोलला एक भाग तेल? पहिल्या हिशेबाने पाच लिटर पेट्रोलमध्ये २०० मिलिलिटर तेल जाते, दुसऱ्या हिशेबाने १२५. जुन्या इंजिनाला हा फरक पुढच्या घाटात जाणवू शकतो.

राजदूत, जावा, येझदी, बजाज चेतक, यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांचे उत्पादन थांबून वर्षे लोटली. तरी कोणी वडिलांची स्कूटर गोठ्यातून बाहेर काढून रंगवतो, कोणी भंगारातून आरएक्स उचलून पुन्हा उभी करतो. गाडी सुरू झाली की पहिला प्रश्न तेलाचा येतो. त्याचे उत्तर बहुतेक जण कंपनीच्या जुन्या माहितीपुस्तिकेत किंवा मेकॅनिकच्या आठवणीत शोधतात. ते उत्तर चुकीचे नसते. पण ते ज्या पेट्रोलसाठी दिलेले होते, ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही.

पेट्रोलमध्ये तेल मिसळावेच का लागते?

फोर-स्ट्रोक इंजिनात तेल तळाशी साठलेले असते आणि तेच पुन:पुन्हा फिरवले जाते. टू-स्ट्रोक इंजिनात ही सोय नसते. पिस्टन वर जाताना कार्ब्युरेटरमधून आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये शिरते आणि पिस्टन खाली येताना बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजे क्रँकची बेअरिंगे जिथे फिरतात, तीच इंधनाची वाट. तिथे तेल साठवून ठेवता येत नाही. ते मिश्रणाबरोबर वाहूनच गेले असते. म्हणून तेल इंधनातूनच पाठवायचे. पेट्रोलची वाफ होते, तेलाचे बारीक थेंब मागे उरतात आणि बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे दोन्ही टोक, पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीवर त्यांचा पातळ थर बसतो. काम झाले की हे तेल वर जाऊन जळते. मागच्या गाडीवाल्याला दिसणारा निळसर धूर तो हाच.

या रचनेत इंधन आणि वंगण यांची सोयरीक पक्की असते. इंजिनापर्यंत इंधन जितके पोहोचते, तितकेच तेल पोहोचते. पुढची बहुतेक दुखणी या एका गोष्टीतून निघतात.

‘२५’ आणि ‘४०’ यांचा घोळ काय आहे?

प्रमाण सांगण्याच्या तीन पद्धती आहेत आणि बोलताना त्या सर्रास एकमेकींत मिसळतात. पुस्तिकेत ‘५०:१’ असे छापलेले असते, स्कूटरवाले ‘दोन टक्के’ म्हणतात आणि पंपावर ‘लिटरला वीस’ म्हटले जाते. तिन्ही एकच. १००० ला प्रमाणाच्या आकड्याने भागले की लिटरमागे किती मिलिलिटर तेल हे कळते. ५०:१ म्हणजे २० मिली, ३३:१ म्हणजे साधारण ३० मिली आणि २०:१ म्हणजे ५० मिली.

गंमत अशी, की या भागाकारामुळे आकडे जोडीजोडीने उलटतात. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली आणि ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली. तसेच २०:१ म्हणजे ५० आणि ५०:१ म्हणजे २०. पुस्तिकेत २५:१ वाचून कोणी लिटरला २५ मिली तेल घातले, तर इंजिनाला हवे त्याच्या जेमतेम पाच अष्टमांश तेल मिळते. ‘प्रमाणात तेल घालूनही पिस्टन सीझ झाला’ अशा तक्रारींच्या मुळाशी काही वेळा एवढेच असते. त्यामुळे मेकॅनिकला प्रमाण विचारू नये, ‘एका लिटरला किती मिली?’ असेच विचारावे.

दुसरी नेहमीची चूक अर्धवट भरलेल्या टाकीची. आत तीन लिटर मिश्रण शिल्लक असेल आणि वर चार लिटर पेट्रोल भरले, तर तेल फक्त चार लिटरचे घालायचे. हे सांगावे लागू नये, पण लागते.

जुन्या पुस्तिकेतला आकडा आजही पाळावा का?

हा आकडा कंपनीने दोन गोष्टी पाहून ठरवलेला असे : इंजिनाची घडण आणि त्या काळी मिळणारे तेल. पन्नास-साठच्या दशकांत वेगळे टू-स्ट्रोक तेल सगळीकडे मिळत नसे. साधे खनिज इंजिन ऑइलच पेट्रोलमध्ये ओतले जाई. ते नीट मिसळत नसे, नीट जळत नसे आणि उष्णतेत त्याचा थर लवकर तुटत असे. म्हणून २०:१ किंवा २५:१ असे भरघोस प्रमाण. इटलीच्या व्हेस्पाने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इंधन थेट क्रँकवर सोडणारी फिरत्या झडपेची रचना आणली आणि दोन टक्क्यांवर काम भागवले. त्याच घराण्यातली आपली बजाज चेतक. तिचे लिटरला २० मिली हे प्रमाण महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला पाठ आहे.

आजचे चांगले टू-स्ट्रोक तेल त्या खनिज तेलापेक्षा खूपच सरस असते. म्हणून २०:१ सांगणाऱ्या जुन्या गाड्या बरेच जण आज ३०:१ च्या आसपास चालवतात आणि ते वावगे नाही. मात्र सगळ्याच गाड्यांना सरसकट ५०:१ लावणे धोक्याचे. जुन्या जावासारख्या इंजिनात गजन पिनसाठी सुईदार बेअरिंगऐवजी ब्राँझचा बुश असतो. बुशला बेअरिंगपेक्षा जास्त तेल लागते आणि बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिल्याने बुशची गरज कमी होत नाही. सिलिंडर नव्याने बोअर केला असेल, तर सुरुवातीचे काही शे किलोमीटर पुस्तिकेतले मूळ, जास्तीचे प्रमाणच ठेवावे.

कोणते तेल घ्यावे, कोणते टाळावे?

बाटलीवर दोन-तीन अक्षरे शोधायची. जपानच्या ‘जासो’ मानकात एफबी, एफसी, एफडी अशा चढत्या श्रेणी आहेत. एफसीपासून पुढची तेले कमी धुराची, आणि एफडी ही इंजिन स्वच्छ ठेवण्यात त्याहून वरची. अमेरिकी ‘एपीआय टीसी’ ही खूणही चालते. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या मोटारसायकलला एफसी किंवा एफडी पुरेसे आहे.

फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल घालू नये. ते जळण्यासाठी बनवलेलेच नसते. त्यातल्या रसायनांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. कोकणात सहज मिळणारे होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचे ‘टीसी-डब्ल्यू३’ तेलही मोटारसायकलला योग्य नाही. होडीचे इंजिन पाण्यावर थंड राहते, मोटारसायकलचा सिलिंडर त्याहून बराच तापतो आणि त्या तापमानासाठी हे तेल नसते. शर्यतीच्या गाड्यांमागे दरवळणाऱ्या एरंडेल तेलाचे आकर्षण अनेकांना असते. ते उष्णतेत टिकते हे खरे, पण मागे डिंकासारखा चिकट थर सोडते आणि थंडीत पेट्रोलपासून वेगळे होऊ पाहते. दर हंगामाला इंजिन उघडणाऱ्यांनीच त्याच्या वाटेला जावे.

तेल जास्त पडले तर इंजिन अधिक सुरक्षित राहते?

हा समज फार जुना आणि फार महाग आहे. जागतिक बँकेने २००० मध्ये दक्षिण आशियातील टू-स्ट्रोक वाहनांवर केलेल्या अहवालात हेच दिसले : दोन-तीन टक्के तेल पुरेसे असताना रिक्षाचालक ‘इंजिनाला बरे’ म्हणून त्याहून कितीतरी जास्त ओतत होते, तेही साधे खनिज तेल. दिल्लीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुट्या टू-टी तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपावरच मोजून मिसळलेले पेट्रोल देण्याची सक्ती झाली, त्यामागे हेच कारण होते. माणसाच्या हातातले माप काढून यंत्राकडे दिले गेले.

जास्तीचे तेल नीट जळत नाही. त्याचा कोळसा एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये साचतो, इंजिन गुदमरते, प्लग शॉर्ट होतो. वायुप्रदूषण चाचणीतही ते दिसते. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम आणि कार्बन मोनॉक्साइडची साडेचार टक्के अशी सैल आहे, तरी तेलकट गाड्या तिथे अडकतात.

त्याहून कमी माहीत असलेली बाब म्हणजे तेल वाढले की पेट्रोल घटते. कार्ब्युरेटरचा जेट ठरावीक द्रवच सोडतो. त्यात तेलाचा वाटा वाढला तर जळणाऱ्या पेट्रोलचा वाटा तेवढा कमी होतो, मिश्रण ‘लीन’ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असे होते आणि इंजिन अधिक तापते. ५०:१ वरून २५:१ वर गेल्यास हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास असतो. एरवी तो सोसून जातो. पण इंजिन आधीच लीन चालत असेल तर हेच दोन टक्के भारी पडतात; आणि ई२० मुळे आज बहुतेक जुन्या गाड्या आधीच लीन चालत आहेत.

घाट उतरताना काय होते?

तेराशे मीटरहून अधिक उंचीवरच्या महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरणारी एखादी जुनी जावा घ्या. चालक थ्रॉटल पूर्ण बंद करून, गाडी गिअरमध्ये ठेवून, इंजिनाच्या आधाराने उतरतो. फोर-स्ट्रोक गाडीसाठी ही शहाणपणाची रीत आहे. मिश्रणावर चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळपास बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. इंजिन मात्र चाकांच्या जोरावर वेगाने फिरतच असते. लांब उतारावर ते कोरडे पडू लागते.

उपाय सोपा आहे : अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलला एक-दोन झटके द्यायचे, म्हणजे तेलाचा घोट खाली जातो. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींना ‘फ्री-व्हील’ दिले होते. थ्रॉटल सोडला की चाके इंजिनापासून सुटी होत, ती याच कारणासाठी. जुने मेकॅनिक ‘उतारावर रेस देत जा’ असे सांगत. नव्या मालकांना ती लहर वाटते.

ऑइल पंप असलेल्या गाड्यांचे काय?

यामाहाने १९६४ मध्ये वायए६ या मोटारसायकलवर ‘ऑटोल्यूब’ आणले. तेलाची टाकी वेगळी, आणि इंजिनावर फिरणारा छोटा पंप. इंजिनाचा वेग आणि थ्रॉटल किती उघडा आहे हे दोन्ही पाहून पंप तेल सोडतो. मंद चालीत अगदी कमी, जोरात जास्त. थ्रॉटल बंद असतानाही थोडे तेल जातच राहते, म्हणून घाटाचा धोका बराच टळतो. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या ९८ सीसीच्या आरएक्स १०० मध्ये हीच व्यवस्था होती.

आज मात्र अनेक आरएक्सचे पंप काढून टाकलेले आढळतात. ‘पंपाचा भरवसा नाही, पेट्रोलमध्येच मिसळा’ हा गॅरेजमधला आवडता सल्ला. त्यात तथ्य नाही असे नाही. तीस-चाळीस वर्षांच्या पंपाचा गिअर झिजतो, नळीत हवेचा बुडबुडा अडकतो, केबल सैल होते आणि यातले काही झाले तरी इंजिन आधी सूचना देत नाही. पण हे सारे दुरुस्त होणारे दोष आहेत. तेलाची नळी काढल्यावर हवा बाहेर काढून घेणे, थ्रॉटल आणि पंपाच्या केबलची खूण जुळवणे, एवढे केले तर चांगला पंप माणसापेक्षा अचूक मोजतो. आणि ई२० आल्यापासून पंप न काढण्याचे एक नवे, भक्कम कारण तयार झाले आहे. ते पुढे येईल.

ई२० ने नेमके काय बदलले?

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला, पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पण प्रत्यक्षातले प्रमाण पुढची दहा-अकरा वर्षे नगण्य राहिले. २०१३-१४ मध्ये ते दीड टक्का होते. २०२२ च्या मध्यावर ते दहा टक्क्यांवर गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल बाजारात आले आणि २०२५ मध्ये ते देशभर नेहमीचे पेट्रोल झाले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. उसाच्या पट्ट्यात ज्या राजदूतवरून शेतकरी कारखान्याचे हेलपाटे घालत, त्याच उसाचे मद्यार्क आता त्या राजदूतच्या टाकीत येते.

इथेनॉलच्या रेणूत वजनाच्या सुमारे ३५ टक्के प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला नऊ, तर ई२० ला साडेतेराच्या आसपास. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही. शुद्ध पेट्रोलसाठी निवडलेला जेट तेवढाच द्रव सोडत राहतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई२० मुळे दुचाकींचे मायलेज तीन ते चार टक्के घटेल असा अंदाज होता. तो मूळ पेट्रोलवर बेतलेल्या, पण ई१० शी जुळवून घेतलेल्या दुचाकींचा होता. ऐंशीच्या दशकातील टू-स्ट्रोक त्यात बसत नाही.

एक गोष्ट इथेनॉलच्या बाजूनेही नोंदवायला हवी. त्याचे ऑक्टेन जास्त असते आणि वाफ होताना ते बरीच उष्णता शोषते, त्यामुळे ठोके मारणारे ज्वलन कमी होते. म्हणून ‘ई२० भरले आणि इंजिन फुटले’ अशा गोष्टी जशाच्या तशा घेऊ नयेत. शहरात अर्ध्या थ्रॉटलवर फिरणारी गाडी कुरकुर करते, पण चालते. खरी परीक्षा महामार्गावर पूर्ण थ्रॉटल धरून सलग अर्धा तास जाताना होते. हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरमध्ये तेव्हा पिस्टन फुगतो, तेलाचा थर पातळ होतो आणि लीन मिश्रणाची उष्णता त्यात भर घालते.

याला उत्तर तेल वाढवणे नाही. वर पाहिले तसे त्याने मिश्रण आणखी लीन होईल. उत्तर जेटमध्ये आहे. मुख्य जेट एक ते तीन पायऱ्यांनी मोठा करायचा. समजा १०० क्रमांकाचा असेल तर १०५ किंवा १०७.५. सोबत सुईची क्लिप एक खाच खाली घ्यायची, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलवरही इंधन वाढते. इंधन वाढले की त्यातून जाणारे तेलही आपोआप वाढते. हे काम जाणकार मेकॅनिककडे तासाभराचे आहे आणि सिलिंडर बोअर करण्याच्या तुलनेत खर्च किरकोळ. प्लगचा रंग पाहून अंदाज घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. इथेनॉल स्वच्छ जळते, त्यामुळे ई२० वर प्लग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. चॉकलेटी रंगाची जुनी खूण जशीच्या तशी लागू पडत नाही.

जेट बदलण्याआधी क्रँकची ऑइल सील तपासणे आवश्यक. जुनी रबरी सील कडक झाली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन होते. अशा गाडीत जेट कितीही बदला, दोष जात नाही, आणि शेवटी खापर तेलावर फुटते.

टाकीत पाणी शिरले तर?

इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. थोडे पाणी ते मिसळून घेते आणि गाडी ते जाळूनही टाकते. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की मिश्रण फुटते : पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी बसतात आणि वर इथेनॉल गमावलेले पेट्रोल राहते. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते.

ई२० ची पाणी सामावण्याची ताकद ई१० पेक्षा जास्त आहे. म्हणून नुसत्या दमट हवेने आठवड्याभरात टाकी फुटेल, ही भीती अनाठायी. खरा शत्रू टाकीच्या झाकणाचा कुजलेला वायसर. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत झाकणाभोवती साचलेले पाणी तिथून थेंबाथेंबाने उतरते.

तेल मिसळून चालणाऱ्या गाडीसाठी यात एक सापळा आहे. टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्ये विरघळते, पाणी-इथेनॉलच्या थरात जवळजवळ नाही. म्हणजे मिश्रण फुटले की तेल वरच्या थरात राहते आणि तळाचा थर बिनतेलाचा होतो. पेट्रोलच्या कॉकची ‘मेन’ नळी टाकीत थोडी वर उघडते, ‘रिझर्व्ह’ची अगदी तळाशी. म्हणून ‘मेन’वर ठणठणीत चालणारी गाडी ‘रिझर्व्ह’वर घेताच अडखळू लागली, तर पेट्रोल संपत आले एवढाच अर्थ काढू नये. त्या क्षणी इंजिन तेल नसलेले पाणचट मद्य पीत असू शकते. चोक ओढून, रेस देऊन तसेच दामटत घर गाठण्याचा मोह टाळावा. टाकीतले थोडे इंधन पारदर्शक बाटलीत काढून पाच मिनिटे ठेवले, तर तळाशी वेगळा थर डोळ्यांनी दिसतो. दिसला, तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही पूर्ण रिकामे करण्यावाचून गत्यंतर नाही. ढवळून ते पुन्हा एकजीव होत नाही.

ऑइल पंपाच्या गाडीत तेल वेगळ्या टाकीतून येते. पेट्रोल फुटले तरी तेल बंद पडत नाही. गाडी बंद पडेल, पण कोरडी फिरणार नाही. पंप काढण्याआधी विचार करावा, तो यासाठी.

पेट्रोलमध्ये पाणी घालून, हलवून, खाली बसलेले इथेनॉल काढून टाकण्याचे प्रयोग काही हौशी मंडळी करतात. उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन घसरते, त्यात पाण्याचा अंश राहतो आणि लिटरभर ज्वालाग्राही पाणी टाकायचे कुठे हा प्रश्न उरतो. घरात हे करण्यासारखे नाही. महागडे ९५ ऑक्टेनचे ‘प्रीमियम’ पेट्रोल भरूनही फरक पडत नाही, कारण त्यातही इथेनॉल असते. आणि कमी दाबाच्या या इंजिनांना वाढीव ऑक्टेनचा उपयोगही नसतो.

मग पंपावर मिसळायचे कसे?

पंपांवरची टू-टी तेलाची हातपंपाची मापे बहुतेक ठिकाणी गेली. बाटलीत पेट्रोल मागितले तर पंपावर ते देत नाहीत. त्यामुळे मिश्रण टाकीतच करावे लागते. कॉक आधी बंद करायचा, नाहीतर न मिसळलेले तेल थेट कार्ब्युरेटरमध्ये उतरते. मग निम्मे पेट्रोल, त्यावर मोजलेले सगळे तेल, आणि उरलेले पेट्रोल वरून. पेट्रोलच्या धारेनेच ते ढवळले जाते. गाडी दोन्ही बाजूंना थोडी हलवून कॉक उघडायचा. मापासाठी औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज उत्तम. बाटलीच्या झाकणाचे माप भरवशाचे नाही. नेहमी ठरावीक लिटर पेट्रोल भरण्याची सवय ठेवली, तर तेवढ्याच तेलाच्या छोट्या बाटल्या घरून भरून नेता येतात. रुपयांत पेट्रोल मागणाऱ्यांचे गणित दर बदलला की चुकते.

या गाड्या कायद्याने ‘विंटेज’ ठरतात का?

बहुतेक नाहीत. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले वाहनच विंटेज म्हणून नोंदवता येते. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, आणि ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्या हिशेबाने सर्वांत पहिली आरएक्स १०० देखील २०३५ पूर्वी विंटेज होणार नाही. तोवर तिला नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि पीयूसी, सगळे इतर जुन्या दुचाकींसारखेच.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर?

हौशी मालकांची गाडी चालते कमी, उभी जास्त. नुकसान बरेचदा त्या उभ्या काळात होते. तेल मिसळलेले ई२० महिन्याभरात संपवावे. त्याहून जास्त काळ गाडी ठेवायची असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. अन्यथा इथेनॉल आणि पाणी मिळून जेटच्या पितळेवर आणि कार्ब्युरेटरच्या धातूवर पांढरट-हिरवट थर चढवतात आणि जुन्या रबरी नळ्या, कॉकमधले बुचाचे वायसर फुगवतात किंवा चुरा करतात. नळ्या आणि वायसर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत.

पत्र्याची टाकी रिकामी ठेवली तर आतून गंजते, म्हणून पेट्रोल काढल्यावर आत थोडे टू-टी तेल टाकून ते सगळीकडे फिरवून घ्यावे. इंजिनातली क्रँकची बेअरिंगे उघडीच असतात, त्यांच्यावर ओल बसू नये यासाठी प्लग काढून चमचाभर टू-टी तेल सिलिंडरमध्ये सोडावे, चार-पाच किक माराव्यात आणि प्लग परत लावावा. पावसाळ्याआधी हे केलेल्या गाडीला दसऱ्याच्या पूजेसाठी सुरू करताना पहिली दोन-तीन मिनिटे खूप धूर येतो.